मालकी एकाची, अंमल दुसऱ्याचा : वऱ्हाडचा भाडेपट्टा आणि सार्वभौमत्वाचे कोडे

१/ यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यात बोरी अरब हे गाव आहे. समजा, १९२५ साली या गावात एक मूल जन्मले. गावचा शेतसारा नागपूरच्या सरकारकडे जमा होत होता. टपालाच्या तिकिटावर पंचम जॉर्जचा मुखवटा होता. तरीही कायद्याच्या दृष्टीने हे मूल ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मले नव्हते. त्याची जन्मभूमी कागदोपत्री हैदराबादच्या निजामाची होती.

२/ वऱ्हाडच्या इतिहासाची चर्चा निघाली की दोन उत्तरे ठरलेली असतात. एक म्हणते, १८५३ पासून वऱ्हाड इंग्रजांचे. दुसरे म्हणते, १९४७ पर्यंत वऱ्हाड निजामाचेच, इंग्रज केवळ भाडेकरू. दोन्ही बाजूंना कागदपत्रांचा आधार आहे. या धाग्याचे प्रतिपादन असे की मुळात प्रश्नच चुकला आहे.

३/ 'वऱ्हाड कोणाचे होते' यापेक्षा 'वऱ्हाडातील माणसाला उत्तर देण्यास कोण बांधील होते' हा प्रश्न अधिक खरा आहे. तो विचारला की आंतरराष्ट्रीय कायद्यातील एक जुनी आणि आजही जिवंत असलेली युक्ती उघडी पडते. मालकी एकाकडे ठेवायची, अंमल दुसऱ्याकडे द्यायचा, आणि जबाबदारी मात्र कोणाच्याच पदरी पडू द्यायची नाही.

४/ प्रथम पार्श्वभूमी. वऱ्हाड म्हणजे साधारणपणे आजचे अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ हे जिल्हे. काळी जमीन, कापसाचे पीक. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईत मुबारिजखानाचा पराभव करून निजामुल्मुल्काने दख्खनमध्ये आपले स्वतंत्र आसन स्थिर केले. ही लढाई याच वऱ्हाडच्या भूमीवर झाली.

५/ पुढे नागपूरकर भोसल्यांचे बळ वाढले आणि वऱ्हाडात दोअमली सुरू झाली. एकाच मुलखात निजामाचे अंमलदारही वसुली करत आणि भोसल्यांचेही. १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलखावरचा हक्क सोडला आणि वऱ्हाड निजामाकडे गेले. म्हणजे विभागलेली सत्ता वऱ्हाडी रयतेला नवी नव्हती.

६/ तरी एक फरक ध्यानात घ्यावा. दोअमलीत दोन्ही पक्षांना ठाऊक होते की आपला वाटा तलवारीच्या जोरावर टिकून आहे. त्याला कोणी चिरंतन न्यायाचे रूप देत नव्हते. युरोपीय कायद्याने हीच विभागणी कलमांत बसवली आणि तिला कराराची प्रतिष्ठा दिली.

७/ १८०० च्या तहाने निजामाने कंपनीची तैनाती फौज पत्करली. तिच्या खर्चापोटी बल्लारी-कडप्पाकडचा मुलूख कंपनीला कायमचा तोडून दिला. पण त्याखेरीज, निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली आणखी एक फौज उभी राहिली. ती पुढे हैदराबाद कंटिन्जंट म्हणून ओळखली गेली. शांततेच्या काळात अशी कायम फौज पोसण्याचे बंधन त्या तहात नव्हते.

८/ या फौजेचा पगार थकला, कंपनीने रक्कम कर्जाऊ दिली, कर्जावर व्याज चढले. अखेर २१ मे १८५३ रोजी लॉर्ड डलहौसीच्या दडपणाखाली निजाम नासिरुद्दौला याने नवा तह मान्य केला. वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे मुलूख फौजेच्या खर्चासाठी कंपनीच्या कारभाराखाली गेले.

९/ शब्द मोठ्या काळजीने निवडले होते. मुलूख 'दिला' असे नव्हे, तर व्यवस्थापनासाठी 'नेमून दिला'. कंपनीने दरवर्षी हिशेब द्यायचा आणि शिल्लक निजामाला परत करायची. म्हणूनच इंग्रजी कागदपत्रांत वऱ्हाडचे नाव 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' असे पडले. मालक निजाम, कारभारी कंपनी.

१०/ १८५७ मध्ये हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने राहिले. त्याचे बक्षीस म्हणून १८६० च्या तहाने धाराशिव आणि रायचूर दुआब परत मिळाले आणि सुमारे ५० लाखांचे कर्ज माफ झाले. पण वऱ्हाड परतले नाही. उलट, वार्षिक हिशेब देण्याची अटही गळाली. ज्या मुलखात कापूस पिकत होता तो हातचा सोडण्यास कोणी तयार नव्हते.

११/ १८७० च्या दशकात दिवाण सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळावे म्हणून चिकाटीने प्रयत्न केले. निजाम मेहबूब अली खान तेव्हा अल्पवयीन होता. तो सज्ञान होईपर्यंत या विषयाची चर्चाच नको, असे उत्तर लंडनहून आले. हक्क नाकारला नाही, लांबणीवर टाकला. साम्राज्याच्या दफ्तरात ही पद्धत फार उपयोगी ठरत असे.

१२/ आता सिद्धांताकडे वळू. एकोणिसाव्या शतकात आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विचारात मोठे स्थित्यंतर झाले. जुना नैसर्गिक कायद्याचा पंथ म्हणे की काही नियम माणसाच्या विवेकातूनच निघतात आणि ते सर्व राज्यांना बांधतात. नवा पंथ म्हणू लागला की राज्यांनी स्वतः जे मान्य केले, तेवढाच कायदा. याला सोयीसाठी करारवाद म्हणू.

१३/ करारवादात सही महत्त्वाची. ती कोणत्या परिस्थितीत झाली, दारात फौज उभी होती की नव्हती, हा प्रश्न गौण. त्या काळच्या नियमांनुसार राज्यावर दडपण आणून मिळवलेला तहसुद्धा वैध ठरे. १८५३ चा तह त्यामुळे 'कायदेशीर' होता. आजच्या मापाने पाहता चित्र वेगळे दिसते.

१४/ १९६९ च्या व्हिएन्ना करारसंहितेचे ५२ वे कलम सांगते की संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचा भंग करून, बळाचा वापर करून वा धाक घालून घडवून आणलेला तह निरर्थक होय. मात्र ही संहिता मागील काळाला लागू होत नाही. १९२८ च्या पाल्मास बेटाच्या निवाड्यात मॅक्स ह्युबर यांनीही सांगितले होते की घटनेचे मोल त्या वेळच्या कायद्याने करावे.

१५/ मग त्या वेळच्या कायद्यानेच पाहू. व्हाइसरॉयच्या मंडळाचे कायदेसदस्य हेन्री मेन यांनी १८६४ मध्ये काठियावाडच्या संदर्भात एक टिपण लिहिले. त्यांच्या मते सार्वभौमत्व अविभाज्य नसते. ते अनेक अधिकारांचा जुडगा असते आणि त्यातील काही काड्या एकाकडे, काही दुसऱ्याकडे असू शकतात. काठियावाडसाठी मांडलेला हा विचार वऱ्हाडच्या व्यवस्थेलाही नेमका बसणारा होता.

१६/ पण ऑगस्ट १८९१ मध्ये, मणिपूरच्या उठावानंतर, हिंदुस्थान सरकारने राजपत्रात जाहीर केले की सम्राज्ञीचे सरकार आणि तिच्या अधिराज्याखालील संस्थाने यांच्या संबंधांना आंतरराष्ट्रीय कायद्याची तत्त्वे लागू नाहीत. म्हणजे तह करताना संस्थान हे दुसरे राज्य, आणि तहाचा अर्थ लावताना मात्र ते राज्यच नव्हे.

१७/ अँथनी अँघी, भूपिंदर चिमणी यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिसऱ्या जगाच्या बाजूने आंतरराष्ट्रीय कायद्याचा इतिहास मांडला. त्यांचा मुख्य मुद्दा असा : वसाहतवाद हा या कायद्याला पडलेला अपवाद नव्हता, वसाहतींशी व्यवहार करतानाच हा कायदा घडत गेला. १८५३ आणि १८९१ शेजारी ठेवून वाचले तर त्यांचे म्हणणे पटते.

१८/ या दोन वर्षांनंतरचे १९०२. लॉर्ड कर्झन स्वतः हैदराबादला गेले. मेहबूब अली खानशी बोलणी झाली आणि ५ नोव्हेंबर १९०२ रोजी करार झाला. निजामाचे वऱ्हाडवरील सार्वभौमत्व पुन्हा मान्य करण्यात आले. आणि त्याच करारात वऱ्हाड वार्षिक २५ लाख रुपयांच्या बदल्यात कायमच्या भाडेपट्ट्याने ब्रिटिश सरकारला देण्यात आले.

१९/ ज्या फौजेच्या पगारासाठी ही सारी व्यवस्था उभी राहिली होती, ती हैदराबाद कंटिन्जंट याच सुमारास वेगळी उरली नाही. तिच्या पलटणी ब्रिटिश हिंदी सैन्यात मिसळल्या. कारण संपले, मुलूख मात्र राहिला. १९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटकडून काढून मध्य प्रांतांशी जोडण्यात आला.

२०/ आता ज्यांचे नाव या करारात कोठेच नाही त्यांच्याकडे पाहू. १८९९-१९०० मध्ये वऱ्हाडात भीषण दुष्काळ पडला. त्याआधी १८९६-९७ चा दुष्काळ होऊन गेलाच होता. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ मध्ये ती सुमारे साडेसत्तावीस लाखांवर आली.

२१/ दुष्काळ सरून दोनच वर्षांनी झालेल्या करारात चर्चा झाली ती भाड्याची, फौजेची आणि सार्वभौमत्वाच्या मानाची. ज्यांची माणसे गेली त्या गावांना काही विचारावे, असे मालकालाही वाटले नाही आणि भाडेकरूलाही नाही. घराच्या सौद्यात घरात राहणाऱ्यांना विचारत नाहीत, तसा हा प्रकार होता.

२२/ मालकी आणि अंमल यांच्यामधल्या फटीचे परिणाम केवळ भावनिक नव्हते. वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानात नसल्याने तिथल्या विधिमंडळांचे कायदे आपोआप येथे लागू होत नसत. 'परकीय अधिकारक्षेत्र' या सदराखाली, कार्यकारी सरकारच्या हुकमाने ते लागू करावे लागत. एका अर्थी बोरी अरब हा परका मुलूख होता आणि त्याच्यावर फर्मानांनी राज्य चालत होते.

२३/ १९१९ च्या सुधारणांनंतरही ही गाठ सुटली नाही. वऱ्हाडात मतदान होई, उमेदवार निवडून येई, पण कायद्याच्या भाषेत तो 'निवडणुकीच्या निकालानुसार नामनिर्देशित' ठरे. यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे मध्यवर्ती कायदेमंडळात बसत, तेव्हा इतिवृत्तात त्यांच्या नावापुढे 'बेरार रिप्रेझेंटेटिव्ह' अशी वेगळी नोंद असे.

२४/ १९४१ पर्यंत हा पेच इतका वाढला होता की ब्रिटिश हिंदुस्थानचे अनेक कायदे वऱ्हाडला लागू करण्यासाठी 'बेरार लॉज ॲक्ट' हा स्वतंत्र कायदाच करावा लागला. तोवर कोणता कायदा येथे चालतो आणि कोणत्या हुकमाने चालतो, हे जाणण्यासाठी राजपत्रांची भेंडोळी चाळावी लागत. सामान्य पक्षकाराला ते कसे कळावे?

२५/ निजामाच्या बाजूचेही नीट ऐकले पाहिजे. ऑक्टोबर १९२३ मध्ये मीर उस्मान अली खान यांनी व्हाइसरॉयला पत्र लिहून वऱ्हाड परत मागितले. १९०२ ची संमती वडिलांकडून दडपणाखाली घेतली गेली, असा त्यांचा युक्तिवाद होता. वऱ्हाड परत मिळाल्यास तेथील जनतेला जबाबदार राज्यपद्धती देण्याची तयारीही त्यांनी दाखवली.

२६/ हे आश्वासन लक्षणीय होते, आणि त्यातील विसंगतीही तितकीच. जी राज्यपद्धती वऱ्हाडला देऊ केली, ती हैदराबाद संस्थानातील प्रजेला उपलब्ध नव्हती. पैनगंगेच्या दक्षिणेकडील मराठी, तेलुगू, कन्नड प्रजेने तोच हक्क मागितला असता तर उत्तर काय मिळाले असते, हे पुढच्या पंचवीस वर्षांनी दाखवून दिले.

२७/ २७ मार्च १९२६ रोजी लॉर्ड रीडिंग यांचे प्रसिद्ध उत्तर गेले. हिंदुस्थानात ब्रिटिश राजसत्ताच सर्वश्रेष्ठ आहे, हे श्रेष्ठत्व केवळ तहांवर अवलंबून नाही, आणि कोणताही संस्थानिक तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाटी करू शकत नाही, असा त्याचा आशय. करारवादाचा झगा येथे अंगावरून उतरला.

२८/ १९३६ मध्ये पुन्हा एक करार झाला. निजामाचे सार्वभौमत्व पुन्हा मान्य झाले. त्यांच्या किताबात 'हैदराबाद आणि बेरार' असा उल्लेख आला आणि युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. कारभार मात्र 'मध्य प्रांत व वऱ्हाड' सरकारचाच. मान एका दरबारात, सारा दुसऱ्या तिजोरीत.

२९/ मग १५ ऑगस्ट १९४७ आला. निजामाचे म्हणणे असे की पट्टा ब्रिटिश राजसत्तेला दिला होता. ती सत्ता गेली, तर मुलूख मूळ मालकाकडे परतला पाहिजे. अधिराज्य संपुष्टात आल्याचे तर ब्रिटिश संसदेच्या कायद्यातच म्हटले होते. काटेकोर करारवादाच्या तराजूत हा युक्तिवाद हलका नव्हता, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

३०/ तरीही तो अपुरा होता, आणि त्याचे कारण दिल्लीच्या बळात शोधण्यापेक्षा पैनगंगेच्या दोन काठांवर शोधावे. उत्तरेकडे १९३७ आणि १९४६ मध्ये निवडणुका झाल्या होत्या. मताधिकार मर्यादित होता, पण मंत्री विधिमंडळाला उत्तर देत होते. दक्षिणेकडे स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेस त्याच हक्कासाठी झगडत होती. जमीन 'परत' जाणे म्हणजे माणसांचे अर्धेमुर्धे हक्क काढून घेणे होते.

३१/ २९ नोव्हेंबर १९४७ च्या जैसे थे कराराने जुन्या व्यवस्था एक वर्षासाठी चालू राहिल्या. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले. १८ सप्टेंबरला हैदराबादच्या सेनेने शरणागती पत्करली आणि २२ सप्टेंबरला निजामाने तक्रार मागे घेत असल्याचे कळवले. वऱ्हाडचा पट्टा कोणत्याही न्यायालयात न जाता इतिहासजमा झाला.

३२/ येथे एक आक्षेप रास्त आहे. भारत सरकारने तरी वऱ्हाडी जनतेला थेट कोठे विचारले? विचारले नाही. वऱ्हाडसाठी सार्वमत झाले नाही. ८ ऑगस्ट १९४७ चा अकोला करारही नेत्यांचाच. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली, ती मानली गेली नाही. म्हणून संमतीची कसोटी निजामाला आणि इंग्रजांना लावताना ती स्वतःलाही लावावी लागते.

३३/ पण एक मूलभूत फरक राहतो. १९५१-५२ पासून बोरी अरबचा प्रत्येक प्रौढ रहिवासी, स्त्री असो वा पुरुष, मत देऊ लागला. ज्याच्या नावाने जमीन, त्याच्याच विधिमंडळाचा कायदा आणि त्याच्याच न्यायालयात दाद, अशी सरळ रेषा आखली गेली. सरकार वाईट असेल तर ते कोणाचे आहे, याबद्दल निदान संदिग्धता उरली नाही. स्वतंत्र विदर्भाची मागणीही त्यामुळेच उघडपणे करता येते.

३४/ हे सारे जुने झाले असे वाटत असेल तर ग्वांतानामो आठवावे. वऱ्हाडच्या कायम पट्ट्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, १९०३ मध्ये, क्यूबाने हा तळ अमेरिकेला भाड्याने दिला. अंतिम सार्वभौमत्व क्यूबाचे, संपूर्ण ताबा अमेरिकेचा. शतकभराने त्याच फटीचा आधार घेऊन अमेरिकी सरकार म्हणाले की तेथील कैद्यांना आमच्या न्यायालयांचे दरवाजे खुले नाहीत.

३५/ २००८ मध्ये बूमेदीन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे नाकारले. औपचारिक सार्वभौमत्व दुसऱ्याकडे ठेवून, मुलूख पट्ट्याने घेऊन, राज्यघटनेच्या बंधनांतून सुटता येणार नाही, असा त्या निकालाचा गाभा होता. १९०२ मध्ये वऱ्हाडला असे न्यायालय मिळाले असते तर काय झाले असते, याची कल्पना करून पाहण्यासारखी आहे.

३६/ दुसरे उदाहरण हिंदी महासागरातील चागोस बेटांचे. ब्रिटनने १९६५ मध्ये ती मॉरिशसपासून तोडली आणि पुढे तेथील रहिवाशांना हुसकावून दिएगो गार्सियावर अमेरिकी तळ उभारू दिला. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या सल्लामतात मॉरिशसच्या वसाहतमुक्तीची प्रक्रिया कायदेशीररीत्या पूर्ण झाली नसल्याचे सांगितले.

३७/ २२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांनी करारावर सह्या केल्या. सार्वभौमत्व मॉरिशसचे, आणि दिएगो गार्सिया ९९ वर्षे वार्षिक मोबदल्यावर ब्रिटनच्या ताब्यात. वऱ्हाडचा इतिहास वाचलेल्या माणसाला ही रचना ओळखीची वाटेल. आम्हाला कोणी विचारले नाही, ही अनेक चागोसवासीयांची तक्रारही ओळखीचीच आहे.

३८/ आंतरराष्ट्रीय कायदा काहीच शिकला नाही असे मात्र नाही. १९७५ च्या पश्चिम सहाराविषयक सल्लामतात न्यायालयाने म्हटले की राजाशी असलेले निष्ठेचे जुने संबंध तेथील लोकांच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काला बाजूस सारू शकत नाहीत. 'ही भूमी कोणत्या राजाची' या प्रश्नावर 'येथील माणसांना काय हवे' या प्रश्नाने मात केली, निदान तत्त्वतः.

३९/ म्हणून भाडेपट्ट्याची, तळाची वा संयुक्त कारभाराची बातमी वाचताना तीन गोष्टी तपासाव्यात. तेथे कायदा कोण करतो? अन्याय झाल्यास दाद कोणत्या न्यायालयात मागायची? आणि करारापूर्वी तेथील रहिवाशांना विचारले होते का? तिन्हींची उत्तरे तीन दिशांना जात असतील तर सार्वभौमत्वाची ग्वाही देणारे कलम कितीही भारदस्त असो, ते रहिवाशांच्या उपयोगाचे नसते.

४०/ वऱ्हाड निजामाचे की इंग्रजांचे, हा वाद पुढेही चालेल. दोन्ही पक्षांकडे कागद आहेत, सह्या आहेत, शिक्के आहेत. १९२५ साली बोरी अरबमध्ये जन्मलेल्या त्या मुलाकडे यांपैकी काहीच नव्हते. त्याला आपले म्हणणे मतपेटीत टाकता आले ते सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी. वऱ्हाडचा इतिहास लिहिताना त्याची ही वाट पाहणेही जमेस धरले पाहिजे.